मेणबत्त्या कोणाला लागतात?

ब्रेल पुस्तकांच्या त्या छापखान्यात ताईला सगळे ‘मिरची’ म्हणत, अर्थात तिच्या माघारी. ती जन्मापासून आंधळी. छापून आलेल्या पानांवरचे ठिपके बोटांनी वाचून चुका काढायच्या, हे तिचं काम. केस पांढरे झाले तरी ती तेच करत होती.

नव्या साहेबाने एके सकाळी तिचं टेबल उचलायला लावलं. "तपासणी आता कॉम्प्युटर करेल. तुम्ही तपासणारे उद्यापासून मेणबत्त्या करा."

"मेणबत्त्या तुम्हाला लागतात, साहेब. आमचं अंधारात काही अडत नाही."

"घरी बसवलं नाही, हे उपकार समजा!"

घरी भावानेही तोंडसुख घेतलं. "दिलंय ते कर गुपचूप. तुला दुसरं कोण विचारतंय?" ताई न जेवताच उठली.

दुसऱ्या दिवशी ती मेणाच्या पातेल्यासमोर हाताची घडी घालून बसली. बाकीचे तपासणारेही बसले. ते कळताच छपाईयंत्रावरच्या आंधळ्या कामगारांनी यंत्रं थांबवली. साहेबाचा ओरडून ओरडून घसा बसला, पण कोणी ढिम्म हललं नाही. शाळा उघडायच्या तोंडावर पुस्तकं अडकली, वरून फोन खणखणू लागले, तेव्हा कुठे टेबल मुकाट्याने जागेवर आलं.

साहेब पुढे तिच्याशी एक शब्द बोलला नाही. तिलाही त्याचं सोयरसुतक नव्हतं. भावाशी मात्र तिने जो अबोला धरला, तो कायमचाच.