डावे मामा आणि गावाचं लायसन

जगात उजवी बाजू नावाची काही गोष्ट आहे, हे मान्य न करता वावरणारा माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि तो नात्यानं माझा मामा लागतो. तसे आमच्या गावातले सगळेच पुरुष माझे मामा लागतात, कारण हे माझ्या आईचं माहेर. वडिलांनी दुसरं घर केलं तेव्हा आई आम्हा दोघा भावंडांना घेऊन इथं परत आली. मी तेव्हा कडेवर होते, दत्तादादा बोट धरून चालत होता. तेव्हापासून आम्ही आजोबांच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहतो आणि सगळं गाव आम्हाला भाचा-भाची म्हणतं. एवढ्या मामांमधून एक वेगळा ओळखू यावा म्हणून यांना आम्ही डावे मामा म्हणायचो. मामांच्या दारातून निघालं की देऊळ उजव्या हाताला, हाकेच्या अंतरावर आहे. पण मामा फटफटीवर बसून आधी डावीकडं वळणार, मग शाळेपाशी डावीकडं, मग पिठाच्या गिरणीपाशी पुन्हा डावीकडं, आणि अर्ध्या गावाला वळसा घालून देवापुढं उभे राहणार. कुणी हसलं तर शांतपणे म्हणायचे, "स्पीडवेत उजवीकडं वळायचं नसतंय बाबा."

हा स्पीडवे आमच्या गावापर्यंत आला तो पोलंडहून. मामांचा मुलगा तिकडं इंजिनिअर आहे. त्यानं एकदा मामांना काही महिन्यांसाठी बोलावून घेतलं. मामांना तिकडची भाषा कळेना, जेवण घशाखाली उतरेना, थंडी सोसेना. शेवटी सून त्यांना दर रविवारी फटफट्यांच्या शर्यतीला नेऊन बसवू लागली, आणि तिथं मात्र मामा रमले. लंबगोल मातीची वाट, एका वेळी चार गडी, चार फेऱ्या, सगळी वळणं डावीकडं आणि गाडीला ब्रेकच नाही! वळणावर डावा पाय जमिनीला टेकवून गाडी घसरवत न्यायची, म्हणून डाव्या बुटाला तेवढा पोलादी तळ. मामा परत आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपल्या जुन्या फटफटीचे ब्रेक काढून टाकले, लोहाराकडून डाव्या चपलेला लोखंडी पट्टी ठोकून घेतली. मामा चालत आले की एकाच पायाचा आवाज यायचा. देवळाबाहेरून गावातल्या प्रत्येकाची चप्पल कधी ना कधी चोरीला गेलेली आहे. मामांचीही एकदा गेली, पण चोरानं उजवी तेवढी नेली, डावी त्याला झेपली नसावी. एकदा परभणीच्या रस्त्यावर पोलिसानं त्यांना अडवलं आणि विचारलं, "आजोबा, ब्रेक कुठंय?" मामा म्हणाले, "नसतोच साहेब." पोलीस म्हणाला, "बरं, लायसन काढा." त्यावर मामांनी गाडी स्टँडला लावली, बैठक मारली आणि विचारलं, "कोणतं? रस्त्याचं का देशाचं?" पोलिसानं हात जोडले आणि त्यांना सोडून दिलं.

मामांचं खरं वेड गाडीचं नव्हतंच, नियमांचं होतं. कोण कुणाकडून पळू शकतो, हे त्यांनी मुलाकडून फोनवर खोदून खोदून समजून घेतलं होतं. ऐकणारा सापडला की ते बोटांवर सांगायचे, "क्लबला कुणीबी चालतंय, कोणत्याबी देशाचा. पण लायसन कोण्या तरी देशाच्या संघटनेनं द्यावं लागतंय, त्याबिगर वाटंवर पाय ठेवता येत न्हाई. अन देशाकडून पळायचं असंल तर पासपोर्टबी त्याच देशाचा लागतोय." त्यांचा नातू तिकडं लहान मुलांची छोटी गाडी चालवायला शिकत होता. क्लब तिकडचा, पासपोर्ट मात्र आपल्याकडचा. फोन लागला की मामा तब्येत विचारायच्या आधी विचारायचे, "बाळ्या, मोठा झाल्यावर कुणाकडून पळशील रे?" नातू तिकडच्या भाषेत काहीतरी बोलायचा. मामा फोन ठेवून आम्हाला सांगायचे, "विचार करून सांगतो म्हणला."

हळूहळू ते सगळ्या जगालाच हा नियम लावू लागले. गावातल्या एका लग्नात एक पाहुणा नवरीचाही नातेवाईक निघाला आणि नवरदेवाचाही. आदल्या दिवशी तो नवरीकडच्या पंगतीला जेवला आणि लग्नाच्या दिवशी वऱ्हाडात बसला. मामा भर पंगतीत त्याच्यापुढं उभे राहिले. "पाव्हणं, एका सीझनला एकच टीम. काल तुमी आमच्याकडून जेवलात." पाहुण्याच्या हातातली जिलबी हातातच राहिली. सोयरीक जमवायला बसलेली माणसं असोत की म्हैस विकायला निघालेला शेजारी, मामा आधी विचारणार, "जुन्या मालकानं सोडल्याचं पत्र दिलंय का? क्लब बदलायला लागतंय ते."

मग एका वर्षी जत्रेला मामांनी आपल्या पडीक माळावर खरोखरच शर्यत ठेवली. आमचं धरून आसपासची चार गावं, प्रत्येक गावाचे चार गडी, जुन्या फटफट्या. तांबड्या, निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या टोप्या हेल्मेटवर घालायला. त्या टोप्या आणि पाठीवर गावाचं नाव असलेली जाकिटं शिवायचं काम माझ्या आईकडं आलं. ती गावात शिलाईच करते. मामांनी पारावर सभा घेऊन नियम सांगितले. पहिला नियम असा की ज्याला त्याच्या गावानं लायसन दिलं, तोच पळेल. आणि लायसन मामा देणार नाहीत, गावानं निवडलेली पाच जणांची समिती देईल. "शर्यत घेणारा येगळा, लायसन देणारा येगळा," मामा छाती काढून म्हणाले. "न्हाईतर मी माझ्याच माणसाला आत घेईन. तिकडं असलं चालत न्हाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला तो नियम फार चांगला वाटला होता.

इथपर्यंत लिहिताना मला हसू येत होतं. पुढचं कसं लिहावं ते नीट कळत नाही.

दत्तादादाला गाडी शिकवली ती डाव्या मामांनीच. शर्यतीचं नावही नव्हतं तेव्हापासून दोघं माळावर जायचे. दादा बोलायला कमी, पण वळणावर गाडी अशी आडवी घालायचा की मामा एका पायावर नाचायचे, त्या लोखंडी. दादाला शर्यत जिंकायची होती असं मला वाटत नाही. त्याला ते जाकीट घालायचं होतं. आईच्या हातचं, पाठीवर गावाचं नाव असलेलं. त्यानं आरशापुढं उभं राहून एक अंगाला लावून पाहिलं होतं. मी दिसल्यावर घडी घालून ठेवून दिलं.

समितीनं नावं वाचली, त्यात दादाचं नाव नव्हतं. चौथा गडी म्हणून दुकानवाल्या मामांचा मुलगा होता. दुकानवाले मामा स्वतः समितीत. डावे मामा पारावर चढले आणि म्हणाले, "दत्त्याचं नाव ऱ्हायलंय."

"ऱ्हायलं न्हाई," दुकानवाले मामा फार गोड आवाजात म्हणाले. "भाचा हाय तो आपला. भाच्याला कुठं असल्या कामाला लावायचं? उद्या हातपाय मोडला तर त्याच्या बापाच्या गावाला काय त्वांड दावायचं?"

"बापानं इतक्या वर्षांत त्वांड दावलं का?"

"ते त्यांच्या घरातलं हाय. आपून कशाला पडायलाव त्यात?"

"अरे, मतदार यादीत नाव हाय त्याचं! निवडणुकीला तूच त्याला गाडीवर बसवून नेलतास की!"

"नाव हाय की. न्हाई कोण म्हणतंय? पर भाचा तो भाचाच. त्याचं गाव बापाचं." आणि मग हसत हसत, "अन तुमीच तर म्हणलात, घेणारा येगळा, देणारा येगळा. आता तुमीच मोडायलाव का?"

मामा पारावरून उतरले, त्यांच्या लोखंडी पायाचा आवाज तेवढा ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी ते कुणाला न सांगता जिंतूरकडं, माझ्या वडिलांच्या गावी गेले. त्या गावाचाही संघ शर्यतीत होता. मामांचा हिशेब असा, की एका देशानं लायसन नाही दिलं तर दुसऱ्याकडं मागता येतं. संध्याकाळी ते आमच्या दारात येऊन उभे राहिले, आत आले नाहीत. आई मशीनवर होती.

"काय म्हणले?" आईनं विचारलं.

"पोरगं हितं मामाच्या गावात वाढलंय म्हणले, आमचं कसं म्हणावं. आईला घेऊन आमच्याकडं येऊन ऱ्हा म्हणावं, मग बघू."

"मी जाणार न्हाई."

"तुला जा म्हणायला मी आलो न्हाई बाई."

आई पुन्हा मशीन चालवू लागली. शेवटच्या जाकिटावर गावाचं नाव शिवायचं राहिलं होतं, ते तिनं शिवलं. तिचं शिवण नेहमीच सरळ असतं, तेही सरळच होतं.

शर्यतीच्या दिवशी गावानं आमचा मोठा मान केला. आमच्याकडं भाच्याच्या पाया पडतात. वयानं कितीही मोठा मामा असो, तो वाकतो. तर शर्यतीच्या उद्घाटनाचा नारळ भाच्याच्या हातानं फोडायचा, असं समितीनं ठरवलं. दादाला टॉवेल-टोपी दिली, कपाळाला गंध लावलं, दुकानवाले मामा सगळ्यांच्या आधी पाया पडले. दादानं नारळ फोडला आणि दोरीच्या बाहेर येऊन उभा राहिला. चौथं जाकीट घातलेला गडी पहिल्याच वळणावर वळला नाही, सरळ गेला तो भज्यांच्या पालात शिरला. लोक पोट धरून हसले. आमचं गाव शेवटी आलं. दादा हसला नाही. मला वाटतं त्याला वाईटच वाटलं, गाव हरल्याचं.

जत्रेनंतर थोड्याच दिवसांत दादानं पुण्याला जायचं ठरवलं, घरोघरी जेवण पोचवायच्या कामावर. मामांना सांगायला गेला तेव्हा ते बराच वेळ गाडीची साखळी पुसत बसले. मग म्हणाले, "क्लबनं घेतलं म्हणायचं. क्लबला कुणीबी चालतंय."

त्याला फटफटीवर बसवून फाट्यावर सोडायला मामाच आले. मी आणि आई सामान घेऊन रिक्षानं पुढं निघालो होतो. गावाच्या चौकातून फाटा उजवीकडं आहे. मी मागं वळून पाहत होते, की आता मामा डावीकडून कुठल्या कुठं जाऊन येणार आणि दादाची बस चुकणार. खरं सांगायचं तर ती चुकावी असं मला वाटत होतं. पण मामा चौकात आले आणि उजवीकडं वळले. एकदम सरळ, साध्या माणसासारखे. त्यामुळं आम्ही सगळे फार लवकर पोचलो. बस यायला खूप वेळ होता. मामा लोखंडी तळ जमिनीवर घासत एक छोटं वळण काढत राहिले.

बस दिसली तसे मामा पाया पडायला वाकले. दादा एक पाऊल मागं सरकला.

"पाया नका पडू मामा," तो म्हणाला. "लायसन द्यायचं होतं."

तो रागानं म्हणाला नाही. रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. मामा तसेच वाकलेले राहिले, जिथं दादाचे पाय होते तिथल्या मातीला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला.

पुन्हा शर्यत झाली नाही. समिती विचारायला गेली होती. मामा म्हणाले, शर्यत घेणाराच ऱ्हायला न्हाई. माळावर गवत आलंय, पण वळणाची जागा अजून ओळखू येते. मी आता परभणीला वसतिगृहात राहून शिकते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. इथं प्रत्येक जण आधी विचारतो, तुझं गाव कोणतं? मी आमच्या गावाचं नाव सांगते, आणि सांगताना दर वेळी क्षणभर थांबते, कुणी नाही म्हणेल म्हणून.

मागच्या आठवड्यात मामा आईनं दिलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या घेऊन आले होते. सगळी परभणी डावीकडून फिरल्यामुळं घामाघूम झालेले. नातवाचं विचारलं तर म्हणाले, "चांगला पळायलाय. पण देशाकडून घेतेत का न्हाई, काय माहीत. तिकडंबी समिती असंलच की." मग मी दादानं पाठवलेला फोटो दाखवला. त्यात तो पाठमोरा गाडीवर बसलाय, अंगात कंपनीचं जाकीट. मामांनी दोन बोटांनी तो फोटो मोठा केला, अजून मोठा केला, इतका की पाठीवरचं एकच अक्षर उरलं.

"गावाचं नाव लिहीत न्हाईत का कुठं?"

"नाही मामा."

"बरं हाय," मामा म्हणाले, आणि बराच वेळ फोन परत द्यायचं विसरले.