हळकुंडाचा दोरा

"भाग्याची बाई. सवाष्ण गेली."

माझ्या पाठीमागे कुणीतरी म्हणालं आणि खोलीतल्या बायकांनी माना हलवल्या. मालूकाकूंना हिरवी साडी नेसवून झाली होती. कपाळभर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. काका दाराजवळच्या खुर्चीत बसून जमिनीकडे बघत होते.

तारनाक्याला आमच्या समोरच्या दारात मालूकाकू राहायच्या. मी पहिल्यापासून कमी बोलते. घरी पाहुणे आले की मी त्यांच्याकडे पळायचे. "बोलू नको, नुसती बस," त्या म्हणायच्या, "तुझ्या वाटचं पण मीच बोलते." आणि सोलायला वाटाण्याच्या शेंगा पुढ्यात टाकायच्या.

त्या चांगल्या उंच होत्या. पण अलीकडे बाल्कनीतली कपड्यांची तार त्यांच्या हाताला येईना. तार काकांनी वर बांधली, असा त्यांचा आरोप होता. "म्हातारपणी मस्करी सुचायलीय ह्यांना!"

"अगं, तार होती तिथंच आहे," काका म्हणायचे.

"हौ, मग मीच जमिनीत चालले म्हणा!"

पाठीला बाक आला होता. नेहमीच्या साड्या लोळायला लागल्या होत्या, निऱ्या जास्त खोचाव्या लागत. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, "उंची कमी झालीय, मणके दबले असतील. हाडांची घनता तपासून घ्या. मग औषध ठरवू."

"ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली बाई मी. काचेची आहे का?" काकू रिक्षात पुटपुटल्या. तरी तपासणीला गेल्या. सोबत मला नेलं.

तपासणी सोपी होती. टेबलावर पडून राहायचं, वरून मशीन सरकत जाते, दुखत नाही. मशीनवरच्या मुलीनं एवढंच सांगितलं, की धातूचं सगळं काढा, मंगळसूत्रसुद्धा.

काकू उठून बसल्या. काकांच्या हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. "ते घरी पडलेत आणि मी इथं गळा मोकळा करू? नक्को."

ती मुलगी तेलुगू होती. रागावली नाही. "हल्दी की गाँठ धागे में बाँधके आओ अम्मा, फिर ये उतारो. हमारी अम्मा भी वैसाइच करी."

काकूंना हे माहीत नव्हतं असं नाही. आमच्यातही मंगळसूत्र तुटलं तर दुसरं होईपर्यंत दोऱ्यात हळकुंड बांधतात. "पुढच्या वेळी बांधून येते," असं म्हणून त्यांनी चपला घातल्या. घरी सगळ्यांना सांगितलं, मशीन बंद होती. माझ्याकडे एकदा बघितलं. मला गप्प करायला तेवढं पुरलं.

मग काकांचं पथ्य, काकांच्या गोळ्या, काकांचं फिरणं. पुढची वेळ आलीच नाही.

कपडे वाळत घालताना त्या नुसत्या वळल्या आणि खाली कोसळल्या. खुबा मोडला होता. पडल्यामुळे हाड मोडलं की हाड मोडल्यामुळे पडल्या हे सांगता येत नाही, असं सर्जन म्हणाले; हाडं इतकी पोकळ झाली होती. ऑपरेशनला नेताना नर्सनं मंगळसूत्र काढलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून काकांच्या हातात दिलं. काकूंना कुणी विचारलं नाही. कण्हता कण्हता त्यांना ते कळलंही नसेल. मग त्या अंथरुणातून उठल्याच नाहीत. छातीत कफ भरत गेला. आज सकाळी बायकांनी त्याच पिशवीतून काढून ते पुन्हा त्यांच्या गळ्यात घातलं.

"देवानं मलाही असंच न्यावं," माझ्या शेजारून आवाज आला.

ती माझी आई होती. तिची पाठ वर्षभर दुखतेय. तिलाही हीच तपासणी सांगितलीय आणि ती "बघू गं" म्हणून टाळतेय. आत्ता काकूंकडे बघताना तिनं आपलं मंगळसूत्र मुठीत घट्ट धरलं होतं.

खोली माणसांनी भरली होती. माझ्या वाटचं बोलणारी बाई समोर झोपली होती.

"आई, असलं काही मागू नकोस," मी म्हणाले. बायकांनी वळून बघितलं. काकांनीही मान वर केली. "त्या दिवशी मशीन चालू होती. उद्या तू हळकुंड बांध आणि माझ्याबरोबर चल. मंगळसूत्र मी धरते."