न्हाणीमागे पुरलेला ब्लॉक

“मॅडम, तो मेणाचा तुकडा आईनं पुरला.”

फोनवर रघुनाथ होता. कडावच्या पुढच्या गावातला, खालापूरकडच्या एका कंपनीत कामाला. त्याच्या बायकोचा, नंदाचा ब्लॉक चार दिवसांपूर्वी मीच त्याच्या हातात दिला होता, सही घेऊन. सोमवारी तो मुंबईच्या हॉस्पिटलात पोचवायचा होता. आज शनिवार.

“पुरला म्हणजे?”

“मातीत. न्हाणीच्या मागं.”



मी कर्जतमधल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. गाठीतून सुईने काढलेला तुकडा आमच्याकडे येतो. तो आम्ही मेणात बसवतो, काडेपेटीपेक्षा लहान अशा जाळीदार प्लास्टिकच्या डबीवर. त्यालाच ब्लॉक म्हणायचं. त्याचे कागदाहून पातळ काप काढून काचेवर घेतले, की डॉक्टर ते मायक्रोस्कोपखाली बघतात.

नंदाला स्तनाचा कॅन्सर आहे, हे त्याच ब्लॉकने सांगितलं होतं. पुढचा प्रश्न औषधाचा. काही गाठींत पेशींच्या अंगावर हर-टू नावाचं प्रथिन फार असतं. ते पेशीला सारखं ‘वाढ, वाढ’ म्हणून हुकूम सोडतं. त्यावर अँटीबॉडीचं इंजेक्शन आहे. ते नेमकं त्या प्रथिनावर जाऊन बसतं आणि हुकूम बंद पाडतं. पण प्रथिन जास्त नसेल तर त्याचा उपयोग नाही, उलट हृदयाला त्रास व्हायची भीती. म्हणून आधी टेस्ट. नंदाची पहिली टेस्ट ‘टू प्लस’ आली, म्हणजे धड हो नाही आणि धड नाहीही नाही. अशा वेळी फिश नावाची दुसरी टेस्ट करतात, त्या प्रथिनाचं जनुकच मोजतात. त्यासाठी हा ब्लॉक हवा होता. दुसरा नव्हता.

मी आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना सांगितलं. त्या कधी आवाज चढवत नाहीत, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटते.

“परत बायोप्सी करता येईल?” मी विचारलं.

“पहिलं केमो झालंय. गाठ कमी व्हायला लागलीय. सुईत काय येईल सांगता येत नाही. आणि ती तयार आहे?”

नव्हती. परत सुई टोचून घेणार नाही, असं तिने घरी निक्षून सांगितलं होतं.

“मेण शाबूत असेल तर आतला तुकडाही असेल,” मॅडम म्हणाल्या. “कुठे पुरलाय म्हणालीस?”

“न्हाणीमागे.”

“म्हणजे आंघोळीचं कढत पाणी जातं तिथे?”

तोच घोर मला लागला होता. मेण वितळलं की खेळ खलास.

स्कूटर काढली. रस्ताभर मी त्या म्हातारीला मनातल्या मनात शिव्या घालत होते. शिकलासवरलेला मुलगा घरात, आणि ही कॅन्सरचा ब्लॉक पुरते! 

रघुनाथची आई, बयाबाई, ओट्यावर बसल्या होत्या. मी चप्पल काढायच्या आधीच विचारलं, “मावशी, का पुरलात?”

“तूच बोल्लीस ना गं बाय, तिच्या गाठीचा तुकडा हाय म्हणून? अंगाचा तुकडा असा कपाटात ठेवतात? बाळंतपणातली वार नाय का आमी पुरत? ह्या गावातल्या किती जणींची ह्याच हातांनी पुरलीय.”

ब्लॉक न्यायला त्याही रघुनाथसोबत आल्या होत्या, आणि तो देताना मी खरंच एवढंच म्हणाले होते, “जपा, यात ताईंच्या गाठीचा तुकडा आहे.” त्यांनी त्यांच्या परीने जपला होता.

“मावशी, त्यावरून नंदाताईंचं औषध ठरायचंय. काढावा लागेल.”

“पुरलेलं उकरीत नाय. तिचंच वाईट व्हईल.”

“आये, ऐक की जरा,” रघुनाथ रडकुंडीला आला होता.

तेवढ्यात नंदा बाहेर आली. डोक्याला स्कार्फ, हातात खुरपं. “आत्या, तुकडा माझा हाय ना? मंग मीच उकरते.” आणि ती सरळ न्हाणीमागे जाऊन बसली.

“ताई, नको!” मी ओरडले. “केमो झालंय तुमचं. मातीतले जंतू आता अंगाला झेपायचे नाहीत.”

हे ऐकलं आणि म्हातारी ओट्यावरून उठली. “ऊठ. ऊठ म्हणते ना!” तिने सुनेच्या हातातून खुरपं ओढून घेतलं आणि स्वतःच खणायला लागली. “मी वाईट करायला नाय पुरलं गं.”

“ठाव हाय, आत्या,” नंदा म्हणाली.

वीतभर खाली हळद लावलेली चिंधी लागली. माती ओली होती. मी हातमोजे घालून चिंधी सोडली. जाळीत चिखल, मेणाचा एक कोपरा वितळून खाली बसलेला. नंबर आम्ही पेन्सिलनेच लिहितो, शाई रसायनांत धुऊन जाते. अंगठ्याने चिखल पुसला. नंबर पूर्ण वाचता आला. तो नसता तर मुंबईने ब्लॉक हातातही घेतला नसता. मला तिथेच रडू फुटलं.

लॅबमध्ये मॅडमनी वरचे काप टाकून दिले आणि खालचा बघितला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी.

“कडेचा भाग गेलाय. मधला चालेल असं वाटतंय.”

ब्लॉकसोबत मुंबईला जायच्या पत्रात त्यांनी मला सगळं खरं लिहायला लावलं, न्हाणीसकट.

पुढचे दोन आठवडे फार वाईट गेले. रघुनाथ रोज जेवणाच्या सुट्टीत फोन करायचा. “आला का?” “नाही.” मलाच अपराध्यासारखं व्हायचं, कारण अर्धी चूक माझी होती.

रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह. कॅन्सरच्या रिपोर्टातला हा शब्द वाचून मी जन्मात पहिल्यांदा आनंदाने हसले. हृदयाची तपासणी झाली आणि नंदाचं इंजेक्शन सुरू झालं. दर तीन आठवड्यांनी असतं, अजून चालू आहे. गाठ आता हाताला लागत नाही म्हणते. पुढचं डॉक्टर सांगतील.

ब्लॉक आमच्याकडे परत आला, तेव्हा बयाबाई स्वतः लॅबमध्ये आल्या. “झालं ना काम? दे आता, पुरते.”

“नाही मावशी. पुढे परत लागला तर?”

त्यांनी ब्लॉकच्या कपाटाकडे बघितलं. “मंग तुझ्या हवाली. पर उन्हात नको ठेवूस.”

ब्लॉक देतो त्या आमच्या पाकिटावर ‘उन्हात ठेवू नये’ असं छापलेलंच असतं. त्याखाली आता मी हाताने लिहिते, ‘यावरून औषध ठरते. पुरू नये, पाण्यात सोडू नये.’ मॅडमनी एकदा ते वाचलं. खोडलं नाही.