उत्तरपूजा न झालेला दरवान

जर्मनीहून आलेल्या घड्याळाला सावली लागते आणि चिखलीच्या माणसाला लागत नाही, हे तुम्हाला पटतं का? आमच्या भोसरीच्या कंपनीला पटत होतं. फाटकाशी हजेरीचं कार्ड मारायचं घड्याळ पत्र्याखाली, आणि शेजारी दरवान बन्सी उन्हात.

बन्सी जन्मतः पांढरा. कातडी, केस, पापण्यासुद्धा. असल्या कातडीला ऊन सोसत नाही. पण लांबून तो गोरा साहेब दिसतो, म्हणून मुद्दाम दिवसपाळीला त्याला फाटकावर उभा करायचे. पाहुण्यांवर छाप पडते म्हणे. पंधरा वर्षं पाडली. अठ्ठ्याहत्तर साली त्याच्या नाकाकपाळावर खरखरीत चट्टे उठले, तेव्हा युनियनचा माणूस म्हणून मीच त्याला पुण्याला नेला.

डॉक्टर पद्मजाबाईंनी सांगितलं, हा कॅन्सर नाही, पण असंच सोडलं तर पुढे होऊ शकतो. मलम दिलं. चार आठवडे लावायचं, ऊन टाळायचं. मध्ये चेहरा लाल होऊन सोलवटेल, पण घाबरून सोडायचं नाही. खराब कातडी जाते आहे असं समजायचं.

दुसऱ्याच आठवड्यात बन्सीचं तोंड भाजलेल्या वांग्यासारखं झालं. बायको कस्तुरा ट्यूब चुलीत टाकायला निघाली. लेबर ऑफिसर नंदकिशोर म्हणाले, मलम बंद कर, उन्हात आपोआप वाळेल, नाहीतर घरी बस. सावलीसाठी मी तीन अर्ज दिले होते. घड्याळ यंत्र आहे, दरवान यंत्र नाही, असा लेखी जबाब आला. माझं टाळकंच सटकलं.

"सोडतो मलम, भाऊ," बन्सी म्हणाला. "नोकरी गेल्यावर चांगलं तोंड घिऊन काय करू?"

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी सगळी यंत्रं पुजायची, आणि उत्तरपूजेच्या अक्षता अंगावर पडेपर्यंत पुजलेली वस्तू जागची हलवायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. मी देव मानत नाही. नंदकिशोर फार मानतात. मी पत्र्याखाली घड्याळाला चिकटून स्टूल टाकून बन्सीला बसवलं, काठीला झेंडू बांधला. नंदकिशोर खाली मान घालून मंत्र पुटपुटत आले, घड्याळाला हळदकुंकू वाहिलं, ओघात बन्सीच्या बुटांनाही वाहिलं. मग वर पाहिलं.

"हे काय?"

"यंत्र," मी म्हणालो. "तुम्हीच पुजलंत. आता हलवून दाखवा."

दसऱ्याला ते अक्षता घेऊन आले. शिफ्टमधल्या कुणीतरी बन्सीवर छत्री उघडली. अक्षता छत्रीवर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवडाभर साहेब दबा धरून अक्षता फेकत होते आणि आम्ही छत्र्या उघडत होतो. बन्सी बसल्या जागेवरून दोरीनं फाटक ओढायचा आणि मलम लावायचा. आठवड्यानं साहेब थकले. चार आठवडे भरले. खपल्या पडून आत तान्ह्या पोरासारखी कातडी निघाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, उत्तम, पण ऊन कायमचं बंद, आणि तपासायला येत जा.

बन्सी अजून त्या स्टुलावर आहे. तुम्ही तिथून गेलात तर नमस्कार करा, चहा पाजा. पण हात जोडून सांगतो, त्याच्या अंगावर अक्षता तेवढ्या टाकू नका.