तरोट्याची काफी

"हात नोका लावू, भाऊजी. तरोट्यानं काही तुमची म्हैस नाही चोरली."

शामकला असं बोलली तेव्हा सेवकरामचा विळा तरोट्याच्या पहिल्याच झुडपाला टेकला होता. सेवकराम तिचा दीर आणि गावच्या स्वच्छता समितीचा अध्यक्ष. मागं विळे घेऊन पाच-सात गडी. परवा दरेकशात तपासणीचे साहेब येणार होते, आणि स्टेशनापासून शाळेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांनी कमरेएवढा तरोटा माजला होता. गावाच्या लेखी तो कचराच. पावसाळ्यात कोवळा होता तेव्हा भाजी करून खाल्ला. आता दिवाळी झाल्यावर त्याला कोण विचारतो?

शामकला विचारत होती. तिचं सारं साल त्या तरोट्यावर उभं होतं.

पावसानं अलीकडे भलताच धंदा मांडला होता. धानाच्या रोवणीच्या वेळी दडी मारायचा आणि मोहफुलं वेचायच्या दिवसांत बदाबदा पडायचा. अंगणात वाळत घातलेल्या फुलांना बुरशी धरायची. तरोट्याला मात्र पाऊस आला काय नि गेला काय. म्हणून तिनं आणि बचत गटातल्या बायांनी तरोट्याच्या बिया काळ्या होईस्तोवर भाजल्या, दळल्या, वर सुक्या मोहफुलाची चिमूट टाकली आणि उकळून पाहिलं. झाली काफी. नागझिऱ्याकडच्या एका लॉजवाल्यानं ती पिऊन पाहिली आणि पोतंभर भुकटी मागितली. तोच सांगून गेला, की तिकडं दक्षिणेत पहाडातल्या खऱ्या काफीवाल्यांनाही पाऊस असाच फसवून राहिला आहे, तेही आता दुसरी झाडंझुडं चाचपून पाहतात. शामकलाला बरं वाटलं. फसणारे आपण एकटेच नाही.

पण शेंगा अजून हिरवट होत्या. आठवडाभर तरी उभ्या पाहिजेत. आज कापल्या तर लॉजवाल्याला काय, चुलीतली राख धाडायची?

सेवकरामनं सगळं ऐकलं आणि गड्यांकडे पाहून हसला. "झाडझुडपाले काफी म्हन्ता का जी वयनी? काफी कशी राह्यते थे मले इचारा."

त्याला विचारण्यासारखं होतंही. उन्हाळ्यात समितीच्या कामानं तो नागपूरला गेला, हॉटेलात काफी प्याला आणि येताना डबा घेऊन आला. त्याची बायको रुख्मा म्हणाली, हा जळका वास माझ्या चुलीवर नको. म्हणून डबा शामकलाच्या फळीवर राहायला गेला. सेवकराम रोज सकाळी यायचा, खाटेवर मांडी घालायचा, डोळे मिटून प्यायचा आणि कोणाला घोटभर द्यायचा नाही.

शामकलानं वाद सोडला. कापाचंच आहे तर पिऊन कापा, म्हणाली, आज गड्यांनाही होऊन जाऊ द्या, तुमच्याच डब्यातली.

सेवकरामचा जीव वरखाली झाला, पण चारचौघांत नाही कसं म्हणावं? सगळ्यांना अंगणात नेऊन तिनं चुलीवर पाण्याचा गंज चढवला, कप फिरले. आधी वास घ्यायचा, मग जिभेवर धरायची, असं तो गड्यांना शिकवू लागला. म्हाताऱ्या मुन्नालालनं तोवर एका घोटात कप रिकामा करून पुढं केला होता.

"ह्याले म्हन्तेत अस्सल," सेवकराम म्हणाला. "तरोटा येईन का ह्याच्या जवळ?"

त्याचा कप भरायला शामकला वाकली आणि त्याच्या कानापुरतं बोलली, "डब्बा पोळ्यालेच सरला, भाऊजी. तवापासून गेल्या सालचा तरोटाच पिऊन राहिले तुमी. सांगू का समद्यायले?"

वहिनीनं दिराची फिरकी घ्यावी, ही रीतच आहे. होळीला तिनं तोंडाला काजळ फासलं तरी दीर रागवत नाही. पण काजळ धुऊन निघतं. सेवकरामनं कप तोंडाला लावला. प्याला. सगळा प्याला.

"गाजरगवत कापा," तो उठून म्हणाला. "तरोट्याले हात नोका लावू."

"काऊन जी?" मुन्नालालनं विचारलं. "आताच तं कापाले आनलं ना आमाले."

"औषधी झाड आहे थे. बाग करून राहिलो आपन."

बाग करायची म्हणजे दरेकशात एकच तऱ्हा: गोटे आणा, चुना मारा, रांगेत मांडा. दिवस मावळेपर्यंत तरोट्याच्या दोन्ही अंगांना पांढरे गोटे लागले. अध्यक्ष स्वतः चुन्यात कोपरापर्यंत माखला होता, आणि कोणता गोटा वाकडा बसला ते शामकला कमरेवर हात ठेवून दाखवत होती.

साहेब आले, हे काय म्हणून त्यांनी विचारलं. सेवकरामनं तरोट्याचे गुण इतका वेळ सांगितले, की साहेब आपणहून म्हणाले, चला, आता संडास दाखवा.

आठवड्यानं शेंगा हाताला करकर वाजू लागल्या. सकाळी शामकला विळा घेऊन रस्त्यावर निघाली, तर अंगणात सेवकराम खाटेवर मांडी घालून बसलेला.

"काफी ठेवा ना जी, वयनी."

"कोन्ती? अस्सल का बागेतली?"

त्यानं आधी आजूबाजूला कोणी नाही ना ते पाहिलं. "रोजचीच."

"मंग पयले शेंगा कापू लागा," असं म्हणून तिनं दुसरा विळा त्याच्या मांडीवर ठेवला, पदर कमरेला खोचला आणि पांढऱ्या गोट्यांच्या आत वाकून पहिली पेंढी धरली.