धुराचा थर

दिवाळी झाली की आमच्या घराला कुलूप लागत नसे. कुलूप लावावं असं आत काही नव्हतंच. बाबा दाराला दोन लाकडं आडवी बांधायचा, पुढे करवंदीच्या काट्यांची जाळी टाकायचा आणि आम्ही टेम्पोत चढायचो. जव्हारजवळच्या आमच्या वांगणी गावातून आमच्यासारखी बरीच घरं निघत. पावसाळ्यात लोकांच्या शेतावर भाताची आवणी, म्हणजे लावणी, करायची आणि ती कामं संपली की वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जायचं. स्वतःची जमीन आम्हाला कधीच नव्हती. भट्टीवर कच्च्या विटा रचून त्यांच्या आडोशाला झोपडी करायची. आई चिखल तुडवायची, बाबा साच्यात विटा पाडायचा, मी धाकट्या भावाला सांभाळायची. शाळेतल्या बाई हजेरी घेताना माझ्या नावापाशी थांबून म्हणत, "ही गेली वाटतं भट्टीला."

पुढे आईने हट्ट धरला आणि मला आश्रमशाळेत घातलं. ते भट्टीला जात, मी शाळेत राही. दहावी झाले, बारावी झाले आणि जव्हारला मुलींच्या वसतिगृहात राहून बीए केलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. हे मी सगळ्यांना सांगते, आणि सांगताना मला जराही संकोच वाटत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात खुपत राहिली. आई मला भेटायला यायची, पण वसतिगृहाच्या आत कधी आली नाही. भट्टीवरून परतताना वाटेत जव्हारला उतरायची, डोक्यावर गाठोडं, आणि गेटपाशी उभी राहायची. गृहपाल मॅडम स्वतः बाहेर येऊन म्हणायच्या, "अहो, आत या. जेवून जा." आई हसायची आणि पायांकडे बोट दाखवायची.

"माझं पाय बघा मॅडम, नि तुमची फरशी बघा."

"फरशी पुसता येते."

"येन ना कवातरी."

आणि गाठोड्यातले सुके बोंबील माझ्या हातात देऊन निघून जायची. आत जेवणघरात तिच्यासाठी ताट वाढलेलं असायचं. ते मी परत नेऊन ठेवायची.

आता मी जव्हारलाच एका कचेरीत कंत्राटावर काम करते. चित्रं काढायची आवड आधीपासून होती, स्टेन्सिलने, म्हणजे कापलेल्या आकारातून रंग थापटून, थर देत चित्र करायचं फोनवर व्हिडिओ बघून शिकले. मागच्या वर्षी गृहपाल मॅडमनी बोलावून घेतलं. जेवणघराला नवा रंग दिला होता आणि एक भिंत रिकामी होती.

"इथे आपल्याच मुलीचं चित्र हवं," त्या म्हणाल्या. "मस्त वारली काढून दे."

"मॅडम, मी वारली नाही."

"अगं, पण जव्हारची आहेस ना?"

"जव्हारची आहे. पण ती चित्रं त्यांच्या लग्नघरातली. आमच्या घरात कोणी भिंतीवर चित्र काढलेलं नाही. आम्ही विटा पाडल्या."

मॅडम म्हणाल्या, "मग विटांचं काढ. आणि लावशील त्या दिवशी आईला घेऊन ये. आतमध्ये."

दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड होती, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

मोठा कॅनव्हास नाशिकहून आणला आणि चित्र गावी, घरी करायला घेतलं. शनिवार-रविवार तेवढाच हातात. पावसाळ्याचे दिवस, आई-बाबा घरीच होते. पहिला थर भट्टीच्या मातीचा, तांबूस तपकिरी. तो सगळ्या कॅनव्हासला दिला. स्टेन्सिलसाठी जाड प्लास्टिक हवं होतं. बाबाचा हात मोडला होता तेव्हाचा एक्स-रे छपराच्या वाशाला खोचलेला होता. मी तोच काढून ब्लेडने विटांचे चौकोन कापायला लागले.

बाबा ओरडला, "ए बाय, माझं हाड कापतीस व्हय?"

"तुझं हाड जुळलंय ना आता?"

"जुळलंय. पण ठणकाय लागलं तर डाक्टरला काय दाखवू? विटा?"

आई चुलीपाशी बसल्या बसल्या हसून हसून खोकायला लागली.

स्टेन्सिलचं काम सोपं दिसतं, तसं नसतं. रंग जरा पातळ झाला की कडेखाली शिरतो आणि विटेला मिशा फुटतात. माझ्या पहिल्या रांगेला फुटल्या. मग जुन्या गादीचा स्पंज घेतला, रंग जवळजवळ कोरडा करून थापटला, तेव्हा विटा नीट उठल्या. एक रांग गडद, तिच्यावर थोडी सरकवून फिकट. एकावर एक, जशा रचतात तशा.

विटांच्या वर आकाश हवं होतं. तिथे पांढऱ्या रंगाचा चांगला जाड थर दिला. आमच्याकडे पावसात सागाची पानं किडे खातात. मऊ भाग खाऊन टाकतात आणि नुसत्या शिरांची जाळी ठेवतात. तशी पानं गोळा करून मी ओल्या पांढऱ्यावर दाबून बसवली. विचार असा, की पांढरं वाळलं की वरून निळा थापटायचा आणि पानं उचलायची. निळ्या आकाशात पांढरी जाळी राहील. पण घरात चादरसुद्धा वाळत नव्हती, तिथे तो थर कुठून वाळणार? सोमवारी कामावर जायचं होतं. कॅनव्हास भिंतीला टेकवला आणि आईला सांगितलं, "याला ओल लागू देऊ नको."

पुढच्या शनिवारी आले तर कॅनव्हास भिंतीपाशी नव्हता. वर बघितलं. चुलीवरच्या बांबूच्या माळ्याला, नागलीची कणसं आणि ओल्या टोपल्या टांगतात तिथेच, तो टांगलेला होता. ओली बाजू खाली, थेट चुलीवर. पावसात आमच्याकडे जे वाळवायचं ते सगळं तिथेच वाळतं. आईने आठवडाभर सकाळ-संध्याकाळ ओल्या लाकडांचा जाळ केला होता.

खाली उतरवला. माझं पांढरं आकाश पिवळट, करड्या, काळपट धुराने भरलं होतं. ओल्या फडक्याने पुसून पाहिलं, काही निघेना. 

आईच म्हणाली, "मीच टांगलं. ओलं व्हतं गो."

"राहू दे."

"तुझ्या मॅडमना काय सांगशील? मना नको नेऊस तिकडं. चित्र पण काळं, मी पण काळी."

हे तिने हसत म्हटलं, पण ती उठून बाहेर अंगणात जाऊन बसली. तेव्हा मला चित्राची काळजी वाटेनाशी झाली. ही बाई आता कधीच आत येणार नाही, एवढंच डोक्यात राहिलं.

हाताला काही काम हवं म्हणून मी पानं सोलायला लागले. पहिलंच पान निघालं आणि मी थांबले. पानाखाली पांढरं तसंच होतं. प्रत्येक शीर, प्रत्येक बारीक रेघ स्वच्छ आणि भोवती धूर. निळा रंग जे करणार होता, ते धुराने केलं होतं. आणि ते आकाश निळ्यापेक्षा खरं होतं. भट्टी पेटली की तिच्यावर असंच आकाश असायचं.

"आये, इकडं ये!"

ती दारात आली. मी दुसरं पान तिलाच सोलायला लावलं. तिने ते नखाने हळूच उचललं आणि खाली वाकून बघितलं.

"भट्टीचाच धूर दिसतो गो."

"तुझ्या चुलीचा आहे. हा थर तू दिलास."

"मी कसला थर देते? मी भाकरी भाजल्या."

शेवटचा थर माणसाचा. आईला दारात उभी करून फोनवर फोटो काढला, डोक्यावर गाठोडं घ्यायला लावलं. उरलेल्या एक्स-रेमधून ती आकृती कापली आणि विटांसमोर गडद रंगाने थापटली. आईने ते पाहिलं.

"मी अशीच उभी ऱ्हाते काय गं गेटावर?"

"अशीच."

मग मी सरळ विचारलं, "यातला एक थर तुझा आहे. तू नाही आलीस, तर तुझं काम लोकांना मी एकटीने कसं दाखवू?"

"तिथं नळ हाय का पाय धुवाया?" तिने विचारलं.

"आहे. गेटाच्या आतल्या बाजूला."

चित्रावर वॉर्निश मारलं, म्हणजे धूर पुढे फिका पडायला नको. पाऊस थांबल्यावर एका रविवारी ते घेऊन आम्ही तिघं एसटीने जव्हारला गेलो. बाबाने चित्र मांडीवर धरलं होतं आणि कंडक्टरला दोनदा सांगितलं, "यात माझं हाड हाय."

आईने नळावर पाय धुतले. मग पुन्हा धुतले. मॅडम जेवणघराच्या दारात उभ्या होत्या, पण घाई करत नव्हत्या. चित्र भिंतीवर लागलं तेव्हा मुली भोवती जमल्या. एकीने विचारलं, "मावशी, ही बाई तुम्ही आहात?"

"मीच ती," आई म्हणाली. "नि तो वरचा धूर पण माझा."

त्या दिवशी माझी आई वसतिगृहाच्या आत आली आणि मुलींच्या पंगतीत बसून पोटभर जेवली.