टाळ्या त्याला, हात मला

मंडळी, तालमीहून थेट आपल्या फलकापाशी आलोय. आजचा अनुभव ताजा असतानाच लिहितो.

दुष्काळाच्या मदतीसाठी बसवलेल्या आपल्या नाटकात, चोरीचा आळ आलेल्या शेतमजुराची बाजू घेणारा ज्युरीतला पंच साळवे करतोय. ती भूमिका मला हवी होती. त्याचं भाषण ऐकताना मी रोज जळतो.

आज केडगावच्या पवारअण्णांनी विषय काढला. "साळवे बेस करतो, पन पुढं पाटील मंडळी बसनार. साळवे आडनावाकडनं न्याय ऐकतील व्हय ती? भूमिका ह्याला द्यायची का," माझ्याकडं बोट करत ते म्हणाले, "ते ज्युरीसारखं हात वर करून ठरवू."

"पाटलांचं राहू द्या, तुमी ऐकता का अण्णा?" साळवे हसला. "आधी दोघांचं भाषण ऐका, मग हात वर करा."

दोघेही बोललो. त्याचं संपल्यावर टाळ्या थांबेनात. अण्णांनी तर डोळे पुसले.

मग टाळ्या वाजवणारे तेच हात माझ्यासाठी वर गेले.

नाटकातली ज्युरी निदान शेवटी मत बदलते.

भूमिका आता माझी आहे, पण हेवा गेला नाही. मला त्या टाळ्या हव्या होत्या. उद्यापासून साळवे विंगेतून प्रॉम्प्टिंग करणार आहे. सांगा, त्याच्यासमोर ते न्यायाचं भाषण मी कसं म्हणू?